मागे बघ, मागे!

दिवाळीत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी सहज टाकलं, की आम्ही चार मराठी घरांनी मिळून इंग्लंडमधल्या रेडिंगला 'अशी ही बनवाबनवी' पाहिला, कितव्यांदा ते विचारू नका. नाशिकहून मावसभावाचं उत्तर पाच मिनिटांत हजर. "अगं ताई, इथे चांगल्या मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत म्हणून आम्ही भांडतोय आणि तुम्ही अजून लुगड्यातल्या लक्ष्यालाच हसताय. पळवाट आहे ही सगळी."

शोचं भांडण खरंच आहे. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ मराठी सिनेमा लावायला सांगितलं, त्यावर गदारोळ झाला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. दुपारी बाराला ऑफिस सोडून कोण जाणार? पण इथे बसून मी त्यावर शहाणपणा शिकवणं बरं नव्हे. आमच्या वाट्याला मराठी सिनेमा येतो तो एखाद्या रविवारी, एक शो, तोही गाडी काढून लंडनच्या टोकाला.

मला टोचला तो 'पळवाट' हा शब्द.

डिसेंबर लागला की इंग्लंडमध्ये गावोगावच्या थिएटरात पँटोमाइम लागतो. नावावरून मूकनाट्य वाटेल, पण असतो नुसता कल्ला. सिंड्रेला, अलादीन असली गोष्ट, मधे गाणी, गावातल्या नगरपालिकेवर टोमणे, आणि 'डेम' म्हणून एक बाई, जिचं काम हमखास बाप्या करतो. गेल्या वर्षी आमच्या डेमच्या डोक्यावर टोपलीएवढा केसांचा टोप होता आणि त्यात खरोखरीची किटली बसवलेली. ती बोलत असताना मागून भूत येतं. तिला दिसत नाही, आम्हाला दिसतं. मग सगळं थिएटर ओरडतं, "मागे बघ, मागे!" माझ्या शेजारी सत्तरीचे एक निवृत्त गणिताचे शिक्षक बसले होते, घसा बसेपर्यंत ओरडत होते. हेच गृहस्थ फेब्रुवारीत त्याच थिएटरात शेक्सपिअर बघायला कोट घालून आलेले मी पाहिलेत. डिसेंबरातल्या ओरडण्याची त्यांना फेब्रुवारीत लाज वाटत नाही. शिवाय इथल्या कितीतरी लहान थिएटरांचं वर्षाचं गणित या डिसेंबरच्या गल्ल्यावर जमतं, म्हणजे त्या शेक्सपिअरचं भाडं थोडंफार ती किटलीवाली बाईच भरते.

आपल्याकडे मात्र पंगती वेगळ्या. पुरस्कारवाला सिनेमा आतल्या घरात, धमाल सिनेमा पडवीत. बालगंधर्वांच्या शालूच्या आठवणी काढून गहिवरायचं आणि सचिन-लक्ष्याच्या लुगड्याला नाकं मुरडायची, हे मला काही जुळवता येत नाही.

आणि ज्या सिनेमाला पळवाट म्हणायचं त्यात आहे तरी काय? 1988 चा सिनेमा, मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'ची. चौघांना पुण्यात जागा मिळत नाही, बस. लीलाबाई काळभोरांना जोडपी हवीत म्हणून दोघं बायका होतात. मी 2017 मध्ये इथे आले तेव्हा इंग्लंडात घरमालकाने भाडेकरूचा पासपोर्ट-व्हिसा तपासायचा कायदा नवा होता. एकाने कागद उलटसुलट करून पाहिले आणि सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. त्या रात्री दुसऱ्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून, लॅपटॉप पोटावर ठेवून मी हाच सिनेमा लावला. जागेच्या काळजीतून पळून मी जागेच्याच गोष्टीत गेले होते. फरक एवढाच, की तिथे साडी नेसली की किल्ली मिळत होती.

मी नाशिकची, त्यामुळे फाळक्यांचा दाखला दिल्याशिवाय राहवत नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेची सहल दरवर्षी तिथेच. 1912 मध्ये ते लंडनला आले, विल्यमसन कॅमेरा घेऊन गेले आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झाला. पण त्याआधी हा माणूस 'प्रोफेसर केळफा' नावाने जादूचे प्रयोग करायचा, स्वतःचंच आडनाव उलटं करून. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. सुरुवातीला ती नुसतीच मुलगी म्हणून पडद्यावर येते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे हातचलाखी आधी उघड करायची आणि तरीही फसवायचं. बघणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, त्या शिक्षकांना टोपाखालचा बाप्या ठाऊक असतो तसंच.

'सैराट' तर मावसभावाच्याही यादीत वर आहे. 2016 मध्ये तो बघताना आम्ही पहिला अर्धा भाग तरंगत होतो. अजय-अतुलनी गाणी अमेरिकेत जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेली, आणि पडद्यावर करमाळ्याकडची विहीर. तो तरंगण्याचा तास नसता तर शेवटच्या दोन मिनिटांतली ती शांतता तशी बसली असती का? मला नाही वाटत.

आता, सगळ्याच पळवाटा चांगल्या असं मी म्हणणार नाही. 'बनवाबनवी' आणि 'झपाटलेला'च्या पाठोपाठ नव्वदच्या दशकात जे काही विनोदी म्हणून आलं त्यातलं बरंचसं आज दहा मिनिटं बघवत नाही. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला तर 'बनवाबनवी'तलेही दोन-तीन विनोद खटकले, आणि ते खटकायलाच हवे होते. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, भाऊ ते लगेच पकडून बसला असता.

तो या डिसेंबरात कंपनीच्या कामाने इकडे येतोय. मी पँटोमाइमची चार तिकिटं काढलीत, एक त्याचं. काल त्याचा मेसेज आला, "बालनाट्य आहे का?" मी त्याला फक्त सीटचा नंबर पाठवलाय. गणिताच्या सरांच्या मागची रांग आहे.