अस्सल डीव्हीडी घरात शिरू नये म्हणून

तुम्हाला डुप्लिकेट डीव्हीडीच हवी आहे. लाजू नका, इथे सगळे आपलेच आहेत. ओरिजिनल हवी असती तर ती दुकानात मिळत होती तेव्हाच घेतली असतीत. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा केवढे हळहळलात! तिथे शेवटचं बिल कधी केलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.

त्याआधी मोझर बेअर कंपनीने तर भलताच प्रसंग आणला होता. २००७ च्या सुमारास त्यांनी ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. फूटपाथच्या भावात ओरिजिनल! ‘मास्टर प्रिंट है साब’ म्हणणाऱ्या पोऱ्याशी पंधरा मिनिटं हुज्जत घालून पाच रुपये सोडवायचे, हे सुखच त्यांनी काढून घेतलं. पण आपण डगमगलो नाही. कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली, आपण अजून आहोत.

आता तो पोऱ्या मोबाइलची कव्हरं विकतो. ओटीटीवर सिनेमा आज असतो, उद्या नसतो. राहता राहिला ऑनलाइन लिलाव. तोही आपल्याला नवा नाही. २००० साली मुंबईतच बाझी डॉट कॉम निघाली होती, २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली, २०१७ मध्ये ईबेचं इथलं दुकान फ्लिपकार्टकडे गेलं आणि २०१८ मध्ये फ्लिपकार्टने ते बंद केलं. परदेशातल्या साइट मात्र जोरात आहेत. फक्त जपून राहा, कारण तिथे अधूनमधून प्रामाणिक विक्रेतेही आढळतात आणि नकळत ओरिजिनल गळ्यात पडते. ते कसं टाळायचं, एवढंच सांगतो.

फोटो मागू नका. लिस्टिंगवरचा फोटो कंपनीने जाहिरातीसाठी काढलेला, चकाचक, इंटरनेटवर कुठेही सापडणारा असतो. तुमच्या हातातल्या डबीचा फोटो पाठवा, चकती उलटी करून तिचाही पाठवा, असं म्हणालात तर विक्रेता एक तर गप्प बसेल नाहीतर खरोखर पाठवेल. दोन्हींत तुमची पंचाईत. मासळी बाजारात आपण काय करतो ते इथे आठवू नका. तिथे बांगड्याचे कल्ले उचलून लाल आहेत का बघतो, डोळ्यांची चमक बघतो, पोट दाबतो, मावशीच्या चार शिव्या खातो आणि शेजारच्या पाटीकडे वळतो. पण तो दोनशे रुपयांचा मामला. समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाला दोन हजार पाठवताना असं पोट दाबणं सभ्यपणाला धरून नाही.

रेटिंग जरूर बघा, पण नुसता आकडा बघा. ९९ टक्के दिसले की तिथेच थांबा. खाली गेलात तर हे ९९ टक्के स्क्रीनगार्ड आणि केसांच्या क्लिपा विकून जमवलेत हे कळेल. उरलेला एक टक्का काय म्हणतो तेही वाचावं लागेल, आणि तो बहुधा डीव्हीडी घेतलेल्यांचाच असतो. वर ठळक अक्षरांत ‘दुर्मीळ, शेवटची प्रत’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘शिल्लक नग ८७’ असं असेल तर उगाच गणित मांडू नका. सिनेमा अजून प्लाझाला चालू असेल आणि त्याची डीव्हीडी लिलावात आली असेल, तर विक्रेत्याची तत्परता वाखाणा.

मग रीजन कोड. सिनेमा कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे सहा तुकडे पाडले. अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, चीन ६. आपण रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेबरोबर ५ मध्ये. अमेरिकेतली चकती इथल्या प्लेअरमध्ये घातली की प्लेअर नाक मुरडतो. नकलाकार असला भेदभाव मानत नाही. त्याच्या डबीवर ‘ऑल रीजन’, वसुधैव कुटुंबकम्. मोठ्या अमेरिकी स्टुडिओचा सिनेमा, कव्हर अमेरिकेतलं आणि वर ‘ऑल रीजन’ असा योग दिसला की सोडू नका. (हिंदी सिनेमांच्या कित्येक ओरिजिनल डीव्हीडीही सगळीकडे चालतात. म्हणजे ही खूणही पक्की नाही. विक्रेत्याला तेवढंच हवं असतं.)

आता बोली. भाऊच्या धक्क्यावर लिलाव होतो तेव्हा मासा समोर, विकणारा समोर, आणि तुमच्यावर चढवणारी बाई कोण, कुठली, हे सगळ्या धक्क्याला ठाऊक. ऑनलाइन लिलावात तुमच्यावर चढवणारा कोण हे गुपित असतं. तो विक्रेत्याचा मेव्हणाही असू शकतो. रात्री दोन वाजता, शेवटच्या चाळीस सेकंदांत, हा मेव्हणा तुम्हाला दीड डॉलरने मागे टाकतो आणि तुमच्या अंगात पानिपत संचारतं. अशा वेळी मुळात या डीव्हीडीची दुकानातली किंमत काय होती, असा क्षुद्र विचार मनात आणू नका. जिंका. मेव्हण्याचं काम झालेलं असतं, तो झोपायला जातो.

ईबेवर १९९५ मध्ये विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. १४ डॉलर ८३ सेंटला गेला. साइट काढणारे पिएर ओमिड्यार सांगतात, की त्यांनी घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, हा बिघडलाय हे कळलंय ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. म्हणजे तुमच्या छंदाला मोठी परंपरा आहे. फरक इतकाच, की त्याला आधी विचारलं होतं.

साइटबाहेर पैसे पाठवा, फी वाचेल, असा निरोप आला तर तत्काळ पाठवा. साइटवरून भरले तर परत मागायची सोय असते, आणि सोय असली की माणसाला ती वापरायचा मोह होतो.

पाकीट घरी आल्यावर काय करायचं? यात मी स्वतः चुकलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमाची ‘रिस्टोअर्ड कलेक्टर्स एडिशन’ मी जिंकली. साइट कुठली ते विचारू नका. विक्रेता परदेशातला, किंमत बावीस डॉलर, पोस्टेज वेगळं. पोस्टमनने दारात उभं राहून कस्टमचे पैसे घेतले ते आणखी वेगळे. डबीवरचं प्लास्टिक इतकं ढिलं, की वाण्याने फरसाण बरं बांधून दिलं असतं. कव्हरवर दिग्दर्शकाच्या नावात दोन चुका. मी अंगठा फिरवून चुका पुसतात का बघितलं, तर आख्खं नावच पुसलं आणि अंगठा निळा झाला.

इथे थांबायला हवं होतं. मी चकती उलटी केली. तुम्ही करू नका. कारखान्यात डीव्हीडी छापतात, म्हणजे पॉलिकार्बोनेट साच्यात दाबतात आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. त्यामुळे ओरिजिनल चकती खालून चांदीसारखी दिसते, दोन थरांची असेल तर कधी किंचित सोनेरी. कॉम्प्युटरवर राइट केलेल्या चकतीत रंगद्रव्याचा थर असतो आणि त्यावर लेझर खुणा भाजतो. म्हणून ती खालून जांभळट. माझी चकती भरताच्या वांग्याच्या रंगाची होती. तरी आशा सुटेना. आतल्या कड्याजवळ बारीक अक्षरांत आयएफपीआय (ध्वनिमुद्रण कंपन्यांची जागतिक संघटना) आणि पुढे कारखान्याचा कोड असतो, ही पद्धत १९९४ पासूनची. आईचं पंचांग वाचायचं भिंग आणून बघितलं. तिथे स्केचपेनने ‘२’ लिहिलं होतं. (तुमची चकती चांदीसारखी निघाली तरी खट्टू होऊ नका. चोरीचा माल मोठ्या प्रमाणावर काढणारे साच्यातूनच छापतात. आशेला जागा आहे.)

दोन थरांच्या ओरिजिनल डीव्हीडीत ८.५ जीबी मावतं, एका थराच्या साध्या चकतीत ४.७. एवढं गाठोडं एवढ्याशा पिशवीत कोंबायचं तर काहीतरी काढावंच लागणार. मुलाखती गेल्या, सबटायटल गेली, मेनू गेला. मग चित्रच दाबलं. गर्दीच्या प्रसंगात माणसं सकाळच्या डोंबिवली फास्टसारखी एकमेकांत मिसळतात आणि नायकाच्या गालांना चौकटी पडतात.

कव्हरच्या मागची बाजूही वाचायची नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ अ कलम म्हणतं, की सिनेमाच्या अशा प्रतीवर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची नक्कल, ती काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराची परवानगी घेतल्याचा जाहीर उल्लेख आणि त्या हक्कदाराचंही नाव-पत्ता हवा. माझ्या कव्हरवर पत्ता होता. ‘इंडिया’ एवढाच.

तक्रार करू नका. साइटची मुदत, बँकेचा फोन, सायबर फसवणुकीसाठी असलेला १९३० हा नंबर, हे सगळं वेळेत केलंत तर पैसे परत यायचा धोका आहे. विक्रेत्याला पाच तारे द्या. उद्या त्याचे ९९ टक्के बघून दुसरा कुणी येईल, त्याला तुमचा आधार वाटायला हवा.

सर्वांत चांगलं म्हणजे तीच चकती पुन्हा लिलावाला लावा. फसलेल्या माणसाला पहिला विचार हाच सुचतो, मलाही सुचला होता. त्याच कॉपीराइट कायद्याचं ६३ वं कलम मध्ये आलं. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण या कलमात ‘जाणूनबुजून’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि तुम्ही तर चकती उलटी केलेलीच नाही! (हा युक्तिवाद मी एका वकील मित्राला ऐकवला. त्याने चहाचे पैसे दिले आणि उठून गेला.)

तेव्हा ती माझ्याकडेच राहिली. एका रविवारी दुपारी लावली. ठाकुरद्वारचं घर, पंख्याची घरघर, शेजारी आई. नायिका नदीकाठी उभी राहून डोळ्यांना पदर लावते आणि तिच्या पायांखालून एक पट्टी सरकत जाते. ‘साड्यांचा भव्य सेल, शेवटचे दोन दिवस, गिरगाव.’ पुढे सात आकडी फोन नंबर. म्हणजे मुंबईच्या नंबरांआधी २ लागला नव्हता तेव्हा, इथल्याच कुणा केबलवाल्याने दुपारी लावलेला सिनेमा कुणीतरी टेपवर उतरवून घेतला, तो फिरत फिरत परदेशात पोचला, आणि बावीस डॉलर, पोस्टेज आणि कस्टम भरून मी तो पुन्हा गिरगावात आणला.

आईचं नायिकेकडे लक्षच नव्हतं.

“मागे घे रे जरा.”

मी मागे घेतलं. पट्टी पुन्हा सरकली. आईने चष्मा वर करून ती नीट वाचली.

“हाच तो मेला! तुझ्या मावशीच्या लग्नात अस्सल इरकल म्हणून दिलं होतं. पहिल्या धुण्यात रंग गेला.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “नंबर लिहून घे. पुढे दोन लाव आणि फिरव.”