६×६ची निगेटिव्ह आणि ५० मिमीची लेन्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मिडियम फॉरमॅटसाठी (६×६ सेंमीसारख्या मोठ्या निगेटिव्हसाठी) एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राची, लेन्स कशी निवडावी, या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, सहा एलिमेंटच्या (आतल्या भिंगांच्या) महागड्या लेन्सचा आग्रह धरून मी नव्या माणसाला डार्करूमच्या दारातूनच परत पाठवतोय. दोन, ३५ मिमी फिल्मसाठी घेतलेली ५० मिमीची लेन्स घरात असताना ८०ची घ्यायला लावणं हा उगाचचा खर्च आहे. तुम्ही यशिका मॅट कॅमेऱ्याच्या ६×६ निगेटिव्हचे प्रिंट त्याच ५०वर काढता आणि एफ/११ला (अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेडाचं भोक, बरंच लहान करून) कोपरे व्यवस्थित येतात.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. ‘सहापेक्षा कमी एलिमेंटची लेन्स घेऊच नका’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. आज ते काढून टाकलं. ६×६मध्ये प्रत्यक्ष चित्र साधारण ५६ मिमी बाजूचं असतं, त्यामुळे ८ इंची चौकोनी प्रिंटला जेमतेम साडेतीन पट मोठं करावं लागतं. ३५ मिमीच्या निगेटिव्हची २४ मिमीची बाजू तेवढीच मोठी करायची तर साडेआठ पट. लेन्सवर ताण कुठे जास्त, हे उघडच आहे. रोडेनस्टॉकची रोगोनार तीन एलिमेंटची, श्नायडरची कॉम्पॅरॉन आणि निकॉनची ७५ मिमी एफ/४ ईएल-निक्कोर चार एलिमेंटच्या. ८ इंचांपर्यंत प्रिंट काढणाऱ्याला यातली कुठलीही, एफ/८-एफ/११ला, खुशाल चालते. सहा एलिमेंटच्या, ८० मिमीच्या रोडागॉन, कॉम्पोनॉन-एस किंवा एफ/५.६ची ईएल-निक्कोर यांचा मोठेपणा १६ इंची कागदावर दिसायला लागतो, आणि तोही आधी कडांना.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. काटकसर एलिमेंटमध्ये करा, फोकल लेंथमध्ये (लेन्सवरच्या ५०, ८० मिमी या आकड्यात) नको.

५६ मिमीच्या चौकोनाचा कर्ण ७९ मिमी येतो. ६×६ला ७५ किंवा ८०ची लेन्स लावतात ती यामुळेच. ६×७ला ९०, ६×९ला १०५. आता तुमचाच ८ इंची प्रिंट घेऊ. ८०ची लेन्स निगेटिव्हपासून सुमारे १०२ मिमीवर बसते, ५०ची फक्त ६४ मिमीवर. लेन्स इतकी जवळ आली की कोपऱ्याकडून येणारा किरण फार तिरपा होतो : ८०ला अक्षापासून २१ अंश, ५०ला ३२ अंश. उजेड या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. म्हणजे मध्याच्या तुलनेत ८०च्या कोपऱ्यात ७५ टक्के उजेड पोचतो, ५०च्या कोपऱ्यात ५२ टक्के. जवळजवळ एक अख्खा स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, गेला. अपर्चर बंद केल्याने लेन्सच्या नळीची आड येणारी कड बाजूला होते, पण किरणाचा तिरपेपणा तोच राहतो. शिवाय ती लेन्स बनवली आहे ४३ मिमी कर्णाच्या निगेटिव्हसाठी. त्यापलीकडच्या शार्पनेसची हमी तिच्या निर्मात्याने कुणाला दिलेली नाही.

मग तुमचे कोपरे व्यवस्थित का दिसतात? तुम्ही चुकीचं पाहिलंय असं मी मुळीच म्हणत नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सने कोपऱ्यात उजेड कमी दिला, की निगेटिव्ह तिथे पातळ होते आणि प्रिंट काळपट. एन्लार्जरच्या लेन्सने कमी दिला, तर प्रिंट तिथे फिकट. दोन दोष एकमेकांना झाकतात. यशिका एफ/३.५वर उघडी ठेवून काढलेल्या फोटोत हे झाकण बऱ्यापैकी बसतं. तोच कॅमेरा एफ/११वर ठेवला, की निगेटिव्ह कडेपर्यंत बरीच एकसारखी येते आणि एन्लार्जरचा दोष उघडा पडू लागतो.

मला हे एका आभाळाने शिकवलं. जूनमधला समुद्रकिनारा, वर सपाट करडं आभाळ, ढगाची एक रेघसुद्धा नाही. प्रिंट ट्रेमध्ये वर येताना आधी वाटलं डेव्हलपर नीट पसरला नाही. ट्रे जास्त हलवला, डेव्हलपर नवा केला, कागदाचं पाकीट बदललं. दोन रात्री गेल्या आणि वरचे दोन्ही कोपरे दर वेळी तसेच धुरकट पांढरे. झाडी, भिंती, माणसांची गर्दी असलेल्या फोटोंत मला ते वर्षभर दिसले नव्हते.

तुम्ही एक चाचणी कराच. निगेटिव्ह लावून ८ इंचांवर फोकस करा, मग कॅरिअरमधून (निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीतून) ती काढून घ्या. उजेड आता फार पडेल, म्हणून लेन्स एफ/१६ला न्या आणि मध्यभाग मध्यम करडा येईल इतकंच एक्स्पोजर द्या. कागद २ नंबर ग्रेडचा चालेल, ३चा, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टचा, घेतलात तर फरक आणखी ठळक दिसेल. प्रिंट वाळल्यावर एका कोपऱ्याचा दोन बोटं रुंद तुकडा कापा आणि मधोमध ठेवा. शेजारीशेजारी आल्यावर डोळा फसत नाही. पुढे ७५-८०ची लेन्स लावूनही तुकडा बराच फिकट दिसला, तर कंडेन्सर (दिव्याचा उजेड निगेटिव्हवर नेणारं भिंग) तपासा. तो ३५ मिमीचा असेल तर कुठलीही लेन्स त्याला वाचवू शकत नाही.

जुनी लेन्स घेणार असाल तर ३९ मिमीचा थ्रेड बघून घ्या, बहुतेक एन्लार्जरना तोच बसतो. आणि अपर्चर पूर्ण उघडून, मागून टॉर्च तिरपा धरून आरपार बघा. आपल्याकडचे दोन-तीन पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी हमखास सापडते. अशी सहा एलिमेंटची लेन्स सोडून द्या आणि स्वच्छ तीन एलिमेंटची घ्या. हे तुमच्याच पहिल्या आक्षेपाच्या बाजूने झालं.

कापलेला कोपरा कसा दिसला ते जरूर लिहा. माझं गणित चुकलेलं निघालं तर तुमचा प्रिंट मूळ लेखात जोडेन.