‘बर्गर खाऊ घालणारे’ आणि न्यूअर्कच्या शाळा : निवृत्त मास्तर यांच्या प्रतिसादाला उत्तर

निवृत्त मास्तर यांस,

सप्रेम नमस्कार. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरातलं मेंटॉरिंग (मोठ्या माणसानं एखाद्या मुलाला नेमानं भेटून आधार देणं) आणि तिथल्या चार्टर शाळा (पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र संस्थेचा) या विषयांवरच्या माझ्या लेखावरचा तुमचा प्रतिसाद वाचला. उत्तर तिथंच खाली देणार होतो, पण ते वाढत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलंत असं लिहिलंय, त्यामुळे सर म्हणतो आणि त्याच आदरानं लिहितो. निदान तसा प्रयत्न करतो.

ज्यांनी प्रतिसाद वाचलेला नाही त्यांच्यासाठी त्याचा गोषवारा. चार्टर शाळा जागरूक घरांतली मुलं वेचून घेतात. सरकारी शाळांचा पट आणि पैसा दोन्ही पळवतात. त्यांच्यामागे धनदांडगे आहेत. तिथली शिस्त लष्करी असते. माझी स्वतःची मुलं मात्र, मी राहतो त्या एडिसन या उपनगराच्या चांगल्या सरकारी शाळेत जातात. आणि हेच खूळ उद्या महाराष्ट्रात येऊन जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मुळावर उठेल. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो : “आठवड्यातून एकदा एखाद्या गरीब काळ्या पोराला बर्गर खाऊ घालून सेल्फी काढणाऱ्यांनी सरकारी शाळा बंद करण्याची वकिली करू नये.”

बाकीच्या मुद्द्यांकडे येतो. आधी हे वाक्य.

ज्या मुलाचा मी मेंटॉर आहे तो काळा आहे असं मी लेखात कुठं लिहिलंय? नाही लिहिलेलं. तुम्ही न्यूअर्क वाचलंत, गरीब वाचलंत आणि रंग स्वतःच भरलात. त्या शहराच्या नॉर्थ वॉर्डात पोर्तो रिकोची घरं आहेत, आयर्नबाउंडमध्ये पोर्तुगीज आणि ब्राझिलियन. हा मुलगा स्पॅनिश बोलणाऱ्या घरातला आहे, त्याची आजी माझ्याशी एक शब्द इंग्रजीत बोलत नाही. आणि तो काळा असता तरी ‘पोराला’? तुमच्या वर्गातल्या मुलांबद्दल कोणी परगावच्या माणसानं जात लावून असं लिहिलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं? वर्गात उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातून हे लिहिलं जावं याचं मला खरोखर वाईट वाटलं.

सेल्फीबद्दल एवढंच सांगतो. आईच्या लेखी परवानगीशिवाय मुलाचा फोटो कुठंही टाकायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्याच बैठकीत सांगतात. माझं फेसबुक उघडं आहे, बघून घ्या.

आता बर्गर. तुम्हाला मेंटॉरिंग म्हणजे काय हे माहीत नाही असं मी गृहीत धरतो, कारण माहीत असून हे लिहिलं असेल तर ते जास्त वाईट. अर्ज, मुलाखत, ओळखीच्या लोकांकडे चौकशी, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, आणि मग निदान एक वर्ष सोडून जाणार नाही असा शब्द. त्यानंतरही संस्थेची एक कार्यकर्ती नियमानं मला, आईला आणि मुलाला वेगवेगळा फोन करते आणि तिघांचं जुळतंय का ते पाहते. बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ही संस्था १९०४ पासून हे काम करते आहे. १९९५ मध्ये तिच्यावर जो मोठा अभ्यास झाला त्यात १० ते १६ वयाची ९५९ मुलं होती. निम्म्यांना लगेच मेंटॉर दिला, निम्म्यांना दीड वर्ष थांबवलं. मेंटॉर मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना हात लावण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं आणि शाळेला दांड्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. मोठं माणूस नेमानं भेटत राहिलं, एवढ्यानं हे घडलं.

आणि जे नेमानं भेटत नाहीत त्यांचं काय? त्याच मुलांच्या माहितीवर २००२ मध्ये दुसरा अभ्यास झाला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये फायदा सगळ्यांत जास्त होता, आणि ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या तिथं मुलांचं नुकसान झालं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट खाली गेला. हे वाचल्यानंतरच मी हे काम पत्करलं. पुढं कंपनीनं डलासला चांगल्या पगारावर जायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं. घरात त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. बर्गरसाठी कोणी बढती सोडत नाही, सर.

शनिवारी आम्ही वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या सार्वजनिक वाचनालयात बसतो. सहावीत असताना एकदा त्यानं दप्तरातून भागाकाराचे कागद काढले. तीन कागद, तीन वेगवेगळ्या तारखा, पण उदाहरणं तीच, क्रमही तोच. मला वाटलं सराव असेल. तो म्हणाला, नाही, दर वेळी नवीन सर येतात आणि टेबलावर असतो तो गठ्ठा वाटतात. गणिताच्या शिक्षकानं दिवाळीच्या सुमारास नोकरी सोडली होती आणि वर्ष संपेपर्यंत बदली शिक्षकांवर भागवलं होतं. पहिला कागद त्यानं पूर्ण सोडवला होता, दुसरा अर्धा, तिसऱ्यावर फक्त नाव. त्या शाळेचं नाव मी लेखात घेतलेलं नाही, इथंही घेणार नाही, कारण तिथल्या उरलेल्या शिक्षकांचा यात काही दोष नव्हता.

त्या नाव लिहिलेल्या कोऱ्या कागदाकडे बघितल्यावर मेंटॉरनं काय करायचं असतं? फक्त भागाकार शिकवायचा आणि घरी जायचं? मी भागाकार शिकवला. पण त्याच्या आईनं विचारलं की दुसरी शाळा मिळेल का, तेव्हा मी तिच्याशेजारी बसून अर्ज भरायला मदत केली. अर्जात पसंतीक्रमानं शाळांची नावं लिहायची होती. ती विमानतळावर साफसफाईचं काम करते. फॉर्मवर तिनं पहिला प्रश्न विचारला तो निकालाचा नव्हता. “बस कुठून सुटते, आणि मी सहाला कामावर गेले तर याला कोण सोडेल?” पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. दुसऱ्या वर्षी लागला, एका चार्टर शाळेत.

मूळ लेखातलं माझं वाक्य असं होतं : “ज्या आईला आपल्या गल्लीतली शाळा नको आहे, तिच्यासाठी दुसरं दार उघडं असायला हवं.” यातून सरकारी शाळा बंद करण्याची वकिली तुम्ही कशी काढलीत? २०१४ मध्ये शहरातल्या शाळांची फेररचना करणारी ‘वन न्यूअर्क’ योजना लोकांना न विचारता लादली गेली, त्याच्या पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांनी शाळांच्या अधीक्षकांच्या कार्यालयात ठिय्या दिला, हे सगळं मीच लेखात लिहिलंय. ते तुम्ही वाचलं नाहीत, किंवा वाचून सोडून दिलंत.

एक गोष्ट मान्य करतो. चार्टर शाळांच्या बाजूनं मी स्टॅनफर्डचा २०१५ चा अहवाल दिला, ज्यात शहरी चार्टर शाळांचं, विशेषतः न्यूअर्कचं, चित्र चांगलं आहे. त्याच स्टॅनफर्डच्या २००९ च्या अहवालात देशभरातल्या चार्टर शाळांपैकी फक्त १७ टक्के शाळा गणितात जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस आणि ३७ टक्के कमी निघाल्या होत्या. तो आकडा द्यायला हवा होता, लेखात आता जोडला आहे. त्यानं माझं म्हणणं बदलत नाही. सगळ्या चार्टर शाळा चांगल्या असतात असं मी म्हटलंच नव्हतं. जी वाईट निघेल तिची सनद काढून घेता येते. न्यू जर्सीत पहिली मान्यता चार वर्षांची असते, मग पाच-पाच वर्षांनी फेरतपासणी होते, आणि शाळा बंद झाल्याही आहेत.

एडिसनबद्दल. हो, माझी मुलं तिथल्या सरकारी शाळेत जातात. हा तुमच्या मते माझा दुटप्पीपणा. सर, मी ते घर कशासाठी घेतलं असं वाटतं तुम्हाला? शाळेसाठीच घेतलं, इथं येणारा प्रत्येक मराठी माणूस घर बघताना आधी शाळा बघतो. म्हणजे मी शाळा निवडली, फक्त ती गृहकर्जाच्या हप्त्यातून निवडली. त्या आईकडे हप्ता भरायची ऐपत नाही म्हणून तिनं निवडू नये? आणि पैसे नसल्यामुळे न्यूअर्कच्या शाळा अशा झाल्या म्हणावं तर १९९० च्या ‘ॲबट विरुद्ध बर्क’ निकालात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा द्यायचा आदेश सरकारला दिला. त्यानंतर पाचच वर्षांत, १९९५ मध्ये, राज्य सरकारनं न्यूअर्कच्या शाळा कारभार बिघडला म्हणून स्वतःच्या ताब्यात घेतल्या. तो ताबा सुटायला २०१८ उजाडलं. या सगळ्या काळात ज्यांची मुलं पहिलीतून बारावीपर्यंत गेली त्यांना आपण काय सांगायचं, अजून थोडं थांबा?

“अमेरिकेत बसून तुम्हाला आमच्या शाळा काय कळणार” हेही तुम्ही मधेच टाकलंय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलो. वडिलांची दीड एकर कोरडवाहू जमीन. सातवीच्या स्कॉलरशिपला माझं गणित कच्चं होतं, तर आमचे सर संध्याकाळी आम्हा काही पोरांना शाळेतच ठेवून घ्यायचे. लाइट गेली की कंदील, आणि रात्री सरांच्याच घरी भाकरी. त्यांना त्याचे पैसे कोणी देत नव्हतं. आज मी न्यूअर्कमध्ये जे करतो ते तिथूनच शिकलो. त्यामुळे मला खेड्यातली शाळा कळत नाही असं कृपा करून सांगू नका.

आणि ती शाळा कोणाची होती? १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले गावात सुरू केलेल्या संस्थेची. पगार सरकारी अनुदानातून, कारभार संस्थेचा. महाराष्ट्रातल्या हजारो अनुदानित शाळा अशाच चालतात. शिक्षकांची निवड, मुख्याध्यापकांची नेमणूक, शाळेची रीत, माझ्या वेळी हे संस्थेच्या हातात होतं. त्या शाळांनी जिल्हा परिषदेचा पट पळवला असं कोणी म्हणत नाही, कारण त्यांनी जी पोरं शिकवली ती आपल्याच घरातली होती. अमेरिकेतली चार्टर शाळा आणि आपली अनुदानित शाळा यांत फरक आहेत, शिक्षकाच्या नोकरीला असलेलं संरक्षण हा सगळ्यांत मोठा. तो मी नाकारत नाही. पण पैसा सरकारचा आणि व्यवस्थापन दुसऱ्याचं, एवढ्यावरून ते कारस्थान ठरत असेल तर मग कर्मवीरांनाही त्याच रांगेत उभं करा.

उरलेल्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. धनदांडगे म्हणाल तर मार्क झुकरबर्ग यांनी २०१० मध्ये न्यूअर्कला १० कोटी डॉलर देऊ केले, सल्लागारांवर भरमसाठ खर्च झाला, त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण चार्टर शाळांची कल्पना १९८८ मध्ये देशासमोर जोरात मांडली ती शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी, भांडवलदारांनी नाही. पुढं ते स्वतःच तिच्या विरोधात गेले हेही खरं. पहिला कायदा मिनेसोटात १९९१ ला झाला. मुलं वेचून घेण्याबद्दल : जागांपेक्षा अर्ज जास्त असले की सोडत निघते. बॉस्टनमध्ये अर्थतज्ज्ञ जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांचीच तुलना केली, म्हणजे दोन्हीकडे अर्ज भरणारेच पालक. तरीही चार्टरमधली मुलं पुढं निघाली. शिस्तीचा विषय मोठा आहे, तिथं इतक्यात शिरत नाही. महाराष्ट्रातल्या दत्तक शाळा योजनेचा (कंपन्यांनी, देणगीदारांनी सरकारी शाळा दत्तक घ्यायच्या) किंवा कमी पटाच्या शाळांचा माझ्या लेखाशी काही संबंध नव्हता. तो राग तुम्ही माझ्यावर काढलात.

तुमचा प्रतिसाद मी उडवलेला नाही, उडवणारही नाही. काही वाचकांनी तो काढून टाका म्हणून मेल केले, त्यांना नाही म्हणून कळवलंय. पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, फक्त या मुलाबद्दल लिहिताना ‘पोरगं’, ‘बर्गर’ आणि त्याचा रंग हे तिन्ही वगळून लिहा. तो आता आठवीत आहे आणि गूगलवर मराठी पान टाकलं की त्याला इंग्रजीत वाचता येतं. त्याच्याबद्दल मी काय लिहितो हे तो अधूनमधून बघतो. तुमचं वाक्य त्यानं वाचलेलं असावं असं मला वाटतंय, कारण या शनिवारी त्यानं मला विचारलं की तू माझ्यासाठी येतोस की लिहिण्यासाठी. मी त्याला उत्तर दिलंय. तुम्हाला ते द्यायला मी बांधील नाही.