मशीन येऊ दे, पण रात्रीच्या तापाचं आधी बघा

आमच्या जवळच्या रुग्णालयात कॅन्सर विभाग वाढवायचं चाललंय. आज तिथे केमो देऊन संध्याकाळी घरी सोडतात, तेवढंच. आता खुर्च्या दुप्पट होणार, रेडिएशनचं मशीनही येणार. ऐकून फार बरं वाटलं. तरी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

वहिनींच्या दुसऱ्या केमोनंतर दहाव्या रात्री त्यांना हुडहुडी भरली. ताप १०१. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या दिवसांतला ताप म्हणजे इमर्जन्सी. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. केमोचा विभाग बंद होता. कॅज्युअल्टीत तापाची गोळी दिली आणि सकाळी या म्हणाले. दादाने फाईलमधून केमोचा कागद काढून समोर धरला, तेव्हा कुठे रक्त घेतलं. इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी ४०० निघाल्या. निदान १५०० तरी हव्यात. वहिनी वाचल्या, पण ज्याच्यासोबत दादासारखं कुणी नसेल त्याचं काय?

रेडिएशन जवळ हवंच. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरला ते सहा-सात आठवडे, आठवड्यातले ५ दिवस घ्यावं लागतं. मशीनखाली काही मिनिटं, बाकी दिवस प्रवासात. तोंड सोलवटलेलं, पाणीसुद्धा गिळवत नाही. अशात माणूस दमून मध्येच थांबतो आणि उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. म्हणूनच विचारते, एकुलतं मशीन बिघडलं तर पेशंट कुठे पाठवणार, हे ठरलंय का? त्या खोलीच्या काँक्रीटच्या भिंती दीड-दोन मीटर जाड असतात. दुसऱ्या मशीनची जागा आत्ताच राखली नाही, तर पुढे फार अवघड होईल. मशीनचा डोस तपासणारा फिजिसिस्टही कायमचा हवा. आणि दुखणं थांबवायला मॉर्फिन मिळायला हवं, हे तर सांगायलाही लागू नये.

केमोच्या सिस्टर वहिनींच्या हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवून शीर वर येईपर्यंत थांबायच्या. तोवर मागे कुणाचं तरी सलाईन संपून पंप वाजायचा. सहा खुर्च्यांना त्या एकट्याच. खुर्च्या बारा करताना सिस्टर किती घेणार, ते आधी लिहून द्या. प्रत्येक पेशंटच्या हातात एक कार्ड द्या, त्यावर रात्री उचलला जाणारा फोन नंबर असू दे. आणि कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक डॉक्टरला त्या कार्डाचा अर्थ माहीत असू दे.