अटाकामाचा जिवाणू आणि ग्रुपवरचा फॉरवर्ड

तिसऱ्या ग्रुपवर पण तेच आलं म्हणून लिहितोय. "चिलीच्या निर्जीव वाळवंटात ३५ अँटिबायोटिक बनवणारा जिवाणू सापडला, सुपरबग (म्हणजे औषधांना न जुमानणारे जंतू) खलास, पण कंपन्यांनी दाबून ठेवलंय, नैसर्गिक आहे त्यामुळे साइड इफेक्ट शून्य." जिवाणू खरा आहे हो, स्ट्रेप्टोमायसिस लीवेनहोकी त्याचं नाव.

पण निर्जीव कुठलं? तो ज्या मातीत सापडला ती चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या लागुना दे चाक्सा या खाऱ्या तळ्याजवळची, तिथे फ्लेमिंगो चरतात! कोरडी भयंकर आहे, ते मान्य.

आता ३५. २०१५ ला त्याचा जीनोम, म्हणजे जीन्सचा अख्खा आराखडा, छापून आला, त्यात जीन्सचे ३५ गट दिसले जे काही ना काही रसायन बनवू शकतील असे. शकतील, बनवतातच असं नाही, लॅबमध्ये असे बरेच गट गप्प बसून असतात, आणि जे बनतं ते सगळं अँटिबायोटिक थोडीच असतं, काही रसायनं नुसती लोह ओढून घ्यायला असतात, पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो ना ते जिओस्मिन पण या स्ट्रेप्टोमायसिस मंडळींचीच करामत.

सुपरबग खलास म्हणे. या जिवाणूने बनवलेलं चाक्सामायसिन डी हे रसायन एमआरएसए या सुपरबगवर चाललं, पण लॅबमध्ये, पेशंटमध्ये नाही. शिवाय ते टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधाच्याच खानदानातलं, आणि रिफाम्पिसिन एकटं दिलं तर जंतू एका जीनमध्ये छोटासा बदल करून त्याला दाद देईनासे होतात, म्हणून तर टीबीत तीन-चार गोळ्या एकदम देतात.

दाबून ठेवलंय? अहो चाक्सामायसिनवरचा पेपर २०११ पासून छापलेला आहे, जीनोम कुणीही उघडून बघावा. आणि मातीतली औषधं कंपन्या दाबत असत्या तर मातीतल्या जिवाणूतूनच मिळालेलं १९४३ चं स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक बाजारात आलंच नसतं. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं, ज्या जिवाणूतून ते मिळालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, पण हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

साइड इफेक्ट शून्य हे तर अतीच झालं. स्ट्रेप्टोमायसिन मातीतलंच, आणि त्याने कान जाऊ शकतात.

आमच्या एका काकांनी विचारलं, मग जखमेला कुंडीतली माती लावली तर चालेल का? नका लावू काका, त्याच मातीत धनुर्वाताचे जंतू पण असतात. साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या.