बाइंडरने कापलेलं माझ्या पणजीचं माहेर

काल रात्री एसटीतून उतरले तेव्हाही हात थरथरत होते. आज सकाळी दूध उतू गेलं, गॅसपर्यंत वाहिलं, तरी माझं डोकं त्या पानावरच होतं. लिहून टाकते, नाहीतर घरात कुणावर तरी निघेल.

ऑक्टोबर १९१८. जिल्ह्याचं एक साप्ताहिक, कधीच बंद पडलेलं. त्याचे त्या वर्षीचे अंक मला फक्त एका जुन्या वाचनालयात सापडले आणि तिथे ती फाइल हातात पडायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी ती सापडत नव्हती. दुसऱ्या वर्षी कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गृहस्थ निवृत्त झाले होते आणि किल्ली कुणाकडे दिली हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वर्षी कळलं की फाइल बाइंडिंगला गेली आहे. मला इतका आनंद झाला होता! म्हटलं, चला, कुणाला तरी काळजी आहे. काल ती समोर आली. लाल रेक्झिन, पुठ्ठ्यावर सोनेरी आकडे. मी उघडण्याआधी नमस्कार केला तिला.

तिसरं पान, शेवटचा रकाना, खालून दुसरी बातमी. पणजोबांचं नाव दिसलं आणि मला पुढचं दिसेनाच. चष्मा पुसला, परत वाचलं. त्यांची पत्नी साथीच्या तापाने आश्विनात वारली, वय एकोणीस, मागे आठ महिन्यांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. पुढे, ही अमुक मास्तरांची मुलगी, माहेरचं नाव हे. शंभर वर्षांत आमच्या घरात कुणालाही माहीत नसलेलं तिचं माहेरचं नाव तिथे छापलेलं होतं. (ते इथे लिहीत नाही. आधी आत्याला सांगायचं आहे, ती नव्वदीची आहे.) आणि त्यापुढे, हे मास्तर जिल्हा रत्नागिरी, मौजे कोळ

संपलं. पानच तिथे संपलं.

बाइंडरने तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं आहे. मशीनखाली गठ्ठा घातला, दांडा ओढला, कडा कशा एकसारख्या, गुळगुळीत, लग्नाच्या अल्बमसारख्या. उजव्या हाताच्या प्रत्येक पानावर शेवटच्या रकान्यातल्या ओळींची शेवटची दोन-तीन अक्षरं गेली. पान उलटलं की पहिल्या रकान्याची सुरुवातीची अक्षरं गेली. वर्षभराच्या अंकांची. एकही पान सुटलेलं नाही.

'कोळ'मधला ळसुद्धा अख्खा नाही. अर्धा कापलाय. त्याच्या डोक्यावर अनुस्वार होता की नव्हता तेही त्या पात्यासोबत गेलं. अनुस्वार असेल तर कोळंबे, किंवा कोळंब. नसेल तर कोळथरे. कोळिसरे असतं तर ऱ्हस्व वेलांटी ळच्या आधी दिसली असती, पण छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने दीर्घ लावली असेल तर तीही नंतरच येणार, म्हणजे कोळीसरेही बाद करता येत नाही. कोळथरे दापोलीकडे, कोळिसरे रत्नागिरीजवळ, कोळंब पार मालवणला. १९१८मध्ये मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१मध्ये. म्हणजे आता दोन जिल्हे, दोन कलेक्टर कचेऱ्या, चार गावं, आणि हे सगळं एका बोटाच्या पेराएवढ्या कागदासाठी. पेराएवढाही नाही. मी पट्टी लावून अंदाज घेतला. जेमतेम सेंटिमीटर.

मी तिथल्या व्यवस्थापकांना बोलावलं. शांतपणे बोलावलं, शपथेवर सांगते. ते म्हणाले, "मॅडम, कडा फाटल्या होत्या ना, म्हणून सारख्या करून घेतल्या." मी म्हटलं, "अहो दादा, फाटलेल्या कडेवर अक्षरं होती." तर म्हणाले, "बाकी बातमी आहे की सगळी. दोन-तीन अक्षरांनी काय होतंय?"

दोन-तीन अक्षरांनी काय होतंय! ते गाव आहे. एका मुलीचा जन्म, तिची आई, तिची भावंडं, तिचं कुलदैवत, ती जिथे परकर सावरत पळाली असेल ते अंगण, सगळं त्या अक्षरांत आहे.

मी विचारलं, कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत? बाइंडरकडे असतील का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बाईला उन्हाचा त्रास झालाय. "ते कात्रण होय? रद्दीत गेलं असेल."

माझ्या पणजीचं माहेर रद्दीत गेलं. आणि त्या बाइंडिंगचं बिल दिलंय त्यांनी. पैसे मोजून कापून घेतलंय. न कापता बांधता येतं हो! घडीच्या बाजूला जपानी टिश्यूची नाहीतर साध्या चांगल्या कागदाची पट्टी चिकटवतात, तिच्यातून शिवतात, कडेला हात लावत नाहीत. वेडीवाकडी दिसली कड तर दिसली. जुनी बाइंडिंग करणारी माणसं हे जाणतात. पण त्यांना विचारणार कोण? इथे फाइल कपाटात उभी केल्यावर छान दिसली पाहिजे, पाहुणे आले की दाखवता आली पाहिजे. ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालायचा, त्यांच्या १८३२च्या 'दर्पण'वर, मराठीतल्या पहिल्या वर्तमानपत्रावर, भाषण ठोकायचं, आणि ज्या वर्तमानपत्रांचा वारसा सांगायचा त्यांच्या फायली बाइंडरच्या दांड्याखाली घालायच्या. मला त्या हारांचा राग आहे. अगदी मनापासून राग आहे.

आणि बाइंडर एकटा कुठला? वाचनालयाचा गोल शिक्का ऐन मजकुराच्या मध्यावर मारणारे. सेलोटेप! ज्याने पहिल्यांदा जुन्या कागदावर सेलोटेप लावली त्याला मी कधी माफ करणार नाही. दहा-पंधरा वर्षांत ती पिवळी होते, डिंक कागदात मुरतो, टेप सुटते ती अक्षरं घेऊनच. लॅमिनेशन करणारे, ज्यांना वाटतं की प्लॅस्टिकमध्ये घातलं म्हणजे अमर झालं. ब्लेडने अख्खी बातमी कापून नेणारे 'अभ्यासक'. हो, अभ्यासकच, चोर इतक्या आत येत नाहीत. १९१८चा कागद आधीच बिचारा लाकडाच्या लगद्याचा, आतल्या आम्लाने स्वतःच जळत चाललेला, बोट लावलं तर पापडासारखा तुटतो. पेशवाईतला हाताने केलेला जुन्नरी कागद आजही उघडला तर मऊ निघतो, शाई काळीभोर. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा हिशेब टिकणार आणि माझी शंभर वर्षांपूर्वीची पणजी भुगा होऊन झाडूत जाणार. घाई कुठल्या कागदाची करायला हवी हे कळायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

फोटो काढू देत नाहीत, त्याचं काय करायचं? काल मी म्हटलं, या एका पानाचा मोबाइलवर फोटो घेते. तर अर्ज करा, अर्ज कार्यकारिणीपुढे जाईल, कार्यकारिणी महिन्यातून एकदा बसते. कशासाठी? तर फोटोने कागद खराब होतो म्हणे. फ्लॅश बंद ठेवला आहे, तरीही खराब होतो. ज्याने सेंटिमीटरभर पान कापून टाकलं त्याच्या हाताने कागद खराब होत नाही, माझ्या मोबाइलने होतो! शेवटी मी हाताने उतरवून घेतलं, पेन्सिलीने, जुन्या शुद्धलेखनासकट.

ते शुद्धलेखन हा आणखी एक छळ. कुठल्या संग्रहाने स्कॅन करून संगणकावर टाकलंच, तरी शोधायचं कसं? १९६२च्या नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार गेले. त्याआधीचं सगळं 'नाहीं', 'करितां', 'गांव', 'घरीं'. आपण 'गाव' टाइप करतो आणि यंत्र म्हणतं, काही सापडलं नाही. छापलेला शब्द डोळ्यांसमोर आहे, आणि यंत्र म्हणतं नाही! मी एकेका गावाचं नाव चार-चार तऱ्हांनी लिहून शोधते. रात्री एक-एक वाजेपर्यंत. शेजारच्या खोलीतून आवाज येतो, "अगं, झोप आता, मेलेली माणसं कुठे पळून जात नाहीत." जातात. काल माझ्या डोळ्यांसमोर गेली.

तुम्ही म्हणाल, मृत्यूची नोंद बघायची की. बघितली! गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, पणजोबांच्या गावचं, मोडी लिपीत. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींना घेऊन गेले होते. आधी पानभर रेघ ओढलेली, मग तिला टांगलेली अक्षरं, शब्द कुठे संपतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ऑक्टोबरच्या त्या पानांवर कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द, ताप. ताप. ताप. ताप. गुरुजी वाचता वाचता गप्प झाले. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली त्या इन्फ्लुएंझाच्या साथीने, पण कोटी म्हणजे काय ते मला त्या एका शब्दाच्या उभ्या रांगेने कळलं. आणि आमची पणजी त्यात होती ती 'अमक्याची बायको' म्हणून. नाव नाही. मयत झालेल्या बाईचं नावसुद्धा नाही!

आमचा कुलवृत्तांत आहे, मोठा जाडजूड, घरातले पुरुष अभिमानाने दाखवतात. त्यात पणजोबांच्या नावापुढे दुसऱ्या पणजीची माहिती आहे, तिचं माहेर, तिचे वडील. पहिलीच्या जागी फक्त 'प्रथम पत्नी निवर्तली'. जिच्यापासून आमची अख्खी शाखा वाढली तिच्या वाट्याला तीन शब्द. तांदळाच्या ताटात सासरचं नाव लिहिलं की माहेरचं पुसलंच, पण ते इतकं पुसायचं? मी संपादकांना पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं की माहिती उपलब्ध झाल्यास पुढील आवृत्तीत विचार करू. उपलब्ध कुणी करायची? त्यांना कधी वाटलं नाही की शोधावं.

त्र्यंबकेश्वरला गेले, तिथल्या उपाध्यायांकडे घराण्यांच्या वंशावळींच्या वह्या असतात म्हणून. उपाध्यायांनी चांगलं बोलून बसवलं, चहा दिला, लाल कापडातल्या वह्या काढल्या, आणि पहिला प्रश्न केला, "मूळ गाव कोणतं?" अहो, तेच तर शोधायला आलेय मी! जिथे जावं तिथे दारावर हाच प्रश्न. गाव सांगा म्हणजे फेरफार बघू, गाव सांगा म्हणजे शाळेचं रजिस्टर बघू, गाव सांगा म्हणजे वही उघडू. आणि गाव होतं. फेब्रुवारीपर्यंत होतं. फेब्रुवारीत बाइंडिंगला गेलं.

२०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा कचेऱ्यांमधले गठ्ठे भराभर सुटले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, स्कॅनर आले. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. सरकारी कागदाचं इतकं तरी होतं, या वाचनालयांतल्या वर्तमानपत्रांसाठी मात्र कुणी दार ठोठावत नाही. मग वर्षानुवर्षं आम्हाला 'कपाट उघडत नाही', 'माणूस नाही', 'पुढच्या महिन्यात या' का ऐकवतात?

घरच्यांवरही राग आहे माझा. सगळ्यात धाकट्या काकांनी वाडा विकला तेव्हा माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला दिली. किलोवर. तिच्यात पत्रं होती, पणजोबांच्या हातची, मी लहानपणी बघितली आहेत, दोऱ्याने बांधलेली. विचारलं तर म्हणाले, "वाळवी लागली होती गं." वाळवी लागलेली निम्मी पत्रं मला चालली असती. पाव चालली असती! तेच काका आता घरच्या ग्रुपवर रोज टाकतात की आपलं घराणं मूळचं कुठल्या राजाच्या पदरी होतं.

एक परात आहे फक्त. पितळेची, पणजीच्या लग्नातली, आत्याकडे. कडेवर टाक्याने घातलेलं नाव आहे, घासून घासून पार गेलेलं, राखेने आणि चिंचेने शंभर वर्षं घासलेलं. मागे एकदा मी उन्हात तिरकी धरून बघितली होती, काही लागलं नव्हतं. आता तिच्या वडिलांचं नाव माहीत आहे, काय शोधायचं ते कळतंय. रविवारी आत्याकडे जाऊन पुन्हा बघणार, वर कागद ठेवून पेन्सिलीने घासणार. चारही गावांच्या शाळांना पत्रं लिहून ठेवली आहेत. बाप मास्तर होता, मुलीला पाटीवर बसवली असेल तर जनरल रजिस्टरला नोंद असू शकते.

पण त्याआधी दुसरंच काम आहे. काल निघताना टेबलाखाली गठ्ठे दिसले. सुतळीने बांधलेले, वर चिठ्ठ्या, १९१९ ते १९२४. त्याच साप्ताहिकाचे. विचारलं तर म्हणाले, सोमवारी बाइंडर येऊन घेऊन जाणार. मी तिथेच कार्यकारिणीच्या नावे अर्ज खरडला, कटिंग करू नये म्हणून, आणि पोच मागितली. पोच द्यायला शिक्का सापडेना.

सोमवारची रजा टाकली आहे. साडेपाचची पहिली एसटी पकडली तर वाचनालय उघडण्याआधी पोचते. बाइंडर येईल तेव्हा मी त्या गठ्ठ्यांपाशी उभी असेन. त्या भागात कुणी राहत असेल, सकाळी तासभर येऊ शकत असेल, तर मला कळवा. एकट्या बाईचं ऐकत नाहीत, दोघं-तिघं असलो तर कदाचित ऐकतील.