रात्री शेतात बॅटरी दिसली म्हणजे चोर आला, असं नसतं सर

आज सकाळी ट्रेकच्या ग्रुपवर एक भलामोठा मेसेज येऊन पडला. ‘हॅमॉक कॅम्पिंगला जाणाऱ्यांसाठी सुरक्षा सूचना.’ हॅमॉक म्हणजे दोन झाडांना बांधून झोपायची आपली झोळी. साखळी-कुलूप आणा, अलार्म आणा, मिरचीचा स्प्रे आणा. इथपर्यंत ठीक. मग खाली खाली जात एक मुद्दा: ‘कन्नड-सोयगाव भागातल्या स्थानिक लोकांपासून, विशेषतः रात्री बॅटरी घेऊन फिरणाऱ्यांपासून सावध राहा.’ त्याच्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस. माझं डोकंच फिरलं. दिवसभर ऑफिसात कुणाशी नीट बोलले नाही. आता जेवणं उरकलीत, लेकरू झोपलंय, म्हणून लिहिते.

मेसेज लिहिणारे सर माझ्या ओळखीचे आहेत. हे बॅटरीवालं प्रकरण नेमकं कुठून आलं, तेही मला माहीत आहे, कारण त्या रात्री मी तिथंच होते.

त्याच कन्नड-सोयगाव भागातल्या गौताळा अभयारण्याच्या कडेला गेलो होतो. अभयारण्यात रात्री राहायचं तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून हद्दीच्या बाहेर एका शेतात, मालकाला विचारून, बांधावरच्या चिंचांना झोळ्या बांधल्या. सकाळी सरांची पॉवर बँक आणि हेडलॅम्प गायब. दोन्ही वस्तू रात्रभर झोळीखाली उघड्यावर पडलेल्या. सर म्हणाले, “रात्री दोनला एक पोरगं बॅटरी घेऊन इथून गेलं, मी बघितलंय.” झालं! मालकाला बोलावलं, मालकानं पोराला बोलावलं. पंधरा-सोळा वर्षांचं पोर. पोटऱ्यांपर्यंत चिखल, जागरणानं डोळे लालभडक. सरांनी त्याला खिसे उलटे करायला लावले. निघालं काय? एक टेस्टर, फ्यूजच्या तारेचं भेंडोळं आणि चार चिंचोके. ते हातावर घेऊन उभं राहिलं आणि एवढंच म्हणालं, “रातची लाईट हाय सर आमची. गव्हाला दारं धरत व्हतो.”

आपल्यातल्या कुणाला हे समजावून सांगायची गरज नाही, पण ग्रुपवरच्या अंगठेबहाद्दरांसाठी सांगते. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते. एखाद्या आठवड्यात दिवसा, एखाद्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बारा-एकला उठतो, बॅटरी घेतो, विहिरीवर जाऊन मोटार चालू करतो आणि पहाटेपर्यंत थंडीत पाण्यात उभा राहून एकेक वाफा भरतो. मध्येच लाईट गेली की पुन्हा विहिरीवर. फ्यूज उडाला की टेस्टर काढा. साप-विंचू वेगळेच. त्या पोराच्या खिशातली प्रत्येक गोष्ट त्याच्या कामाची होती. आणि आपण त्याच्या शेतात, त्याच्या बापाच्या परवानगीनं, उबदार स्लीपिंग बॅगमध्ये झोपून त्याच्याकडं चोर म्हणून बघतो!

मी तिथंच सरांना बोलले होते. सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार भावनिक होता.” बरं.

आता मान्य करते, गावात चोऱ्या होत नाहीत असं नाही. होतात. भरपूर होतात. पण कुणाच्या होतात ते बघा ना! विहिरीवरची मोटार जाते. केबल कापून नेतात, जाळून आतलं तांबं काढतात आणि विकतात. ऐन सुगीत सोयाबीनचा ढीग रातोरात उचलला जातो. शेळ्या जातात. म्हणजे चोरांनी खरं लुटलंय ते शेतकऱ्याला, आणि राखण कशी करायची हे आपल्यापेक्षा त्यालाच जास्त कळतं. माझे मामा घनसावंगीकडं शेतात झोपतात. केबलचं टोक बाजेच्या पायाला बांधायचं, वर एक रिकामा डबा उपडा ठेवायचा. कुणी तिकडून ओढलं की डबा खाली आणि मामा उभे. अलार्मचं पॅकेट उघडायला लागत नाही.

झोळीचंही गणित हेच आहे, म्हणून मला ती तंबूपेक्षा आवडते. तंबू बाहेरून चिरला तरी आतल्या माणसाला पत्ता लागत नाही. झोळीत तुम्ही स्वतः लटकलेले असता. सॅक डोक्याकडच्या पट्ट्याला कॅराबिनरनं, म्हणजे स्प्रिंगच्या कडीनं, अडकवली की कुणी तिला हात लावला तरी तुम्हाला हिसका बसतो. दुसरं कसलं कुलूप पाहिजे? फोन, पाकीट, गाडीची किल्ली हे एका छोट्या पाऊचमध्ये घालून रिजलाईनला, म्हणजे झोळीवरून जाणाऱ्या त्या दोरीला, नाकासमोर टांगायचं. नाहीतर सरळ स्लीपिंग बॅगच्या तळाशी, पायापाशी. बूटसुद्धा वरच टांगायचे, कारण जमिनीवरचा बूट चोरानं नेला नाही तर कुत्रं नेतं, आणि कुणीच नेला नाही तर सकाळी आत विंचू निघतो. जमिनीवर काही ठेवायचंच नाही. पॉवर बँक तर नाहीच नाही.

आंघोळीला, धबधब्याला जाताना झोळी तशीच टांगून जाणारे लोक मला कळतच नाहीत. लाल-निळी झोळी आणि वर चमकदार ताडपत्री अर्ध्या कोसावरून दिसते. गुंडाळायला किती वेळ लागतो? चहा उकळायच्या आत होतं. आणि मातकट किंवा हिरव्या रंगाची घ्या. फोटो जरा कमी चांगला येईल, येऊ द्या.

वानरांचं मात्र काही करता येत नाही. दौलताबादला, वेरूळला ज्यांच्या हातातली पिशवी गेलीय त्यांना माहीत आहे. त्यांच्याविरुद्ध कुणी ग्रुपवर सूचना काढत नाही. त्यांचे रील बनतात.

पण खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. सामान जातं कुठं? जंगलात फार कमी. ते जातं जाता-येता. एसटीच्या दारात, चढायच्या रेटारेटीत पाकीट जातं, बायकांचं मंगळसूत्र जातं. रेल्वेत पहाटेच्या स्टेशनला गाडी जरा हळू झाली की सीटखालची सॅक जाते. माझी स्वतःची एक सॅक अशीच गेली. त्यात झोळी, पट्टे, चांगली ताडपत्री, सगळंच. शेजारच्या सीटवर कोण होतं? इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉपची बॅग, मला “सामान बघतो मॅडम, जाऊन या” म्हणणारा गृहस्थ. त्याच्यापासून सावध राहायची सूचना मी अजून कुठल्या ग्रुपवर वाचलेली नाही. त्याचे खिसे कुणी उलटे करायला लावले नाहीत.

खालच्या बर्थखाली तारेच्या कड्या असतात, त्या त्यासाठीच असतात. साखळी तिथं वापरा. सर, तुमची ती साखळी चिंचेच्या झाडाला गुंडाळण्यापेक्षा रेल्वेत आणा. कारण रेल्वे कायदा १९८९, कलम १०० काय म्हणतं? बुक न करता स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर नाही. रेल्वेचा किंवा तिच्या नोकराचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच. आता ते सिद्ध करत बसा. चोरी झाली तर १३९ ला फोन लावा आणि चालत्या गाडीतच टीटीई किंवा पोलिसाकडून तक्रारीचा फॉर्म मागून घ्या. उतरायची गरज नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पोलिसांत गेल्यावर? मी एका ठाण्यात गेले, कुठल्या ते सोडा. समोरचे साहेब म्हणाले, “चोरी कशाला लिहिता ताई? गहाळ लिहू. तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही.” सॅक काय स्वतःहून उतरून गेली? पाऊण तास हुज्जत घातली तेव्हा कुठं ‘चोरी’ लिहिलं. ‘आमची हद्द नाही’ हेही ऐकायला लागतं. तर ऐकून घेऊ नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात द्यायला येते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फोन गेला असेल तर तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. ही सोय २०२३ पासून देशभर आहे. त्यासाठी आयएमईआय आधीच घरी लिहून ठेवलेला पाहिजे. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो. आत्ता दाबा, ही पोस्ट काही पळून जात नाही.

एवढं लिहून राग जरा उतरलाय. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मलाही माहीत आहे. त्यांची वस्तू गेली, महागाची होती, जीव जळणारच. आणि एकट्या बाईनं रात्री अनोळखी बॅटरी दिसली तर घाबरू नये, असं मी म्हणणार नाही. मीही दचकते. पण दचकणं वेगळं आणि एका अख्ख्या तालुक्याला सूचनेत घालणं वेगळं.

मी काय करते ते सांगते. कुठंही पोचलं की झोळी सोडायच्या आधी गावात जायचं. दुकानात, पारावर, जिथं माणसं बसलीत तिथं. कुठून आलो, कुठं झोपणार, सकाळी कधी निघणार, सगळं सांगायचं. कुणाचं शेत आहे ते विचारायचं. लाईट रात्रीची आहे का दिवसाची, हेही विचारायचं. मग रात्री बॅटरी दिसली तरी ती कुणाची हे माहीत असतं, आणि त्यालाही माहीत असतं की झाडाला लटकलेलं हे गाठोडं म्हणजे परभणीच्या ताई आहेत. “कामून घाबरता, आमी हाईत ना,” हे वाक्य मी इतक्या गावांत ऐकलंय की मोजायचं सोडलं. त्या जोरावर मी झोपते. सामान आजवर शेतातून गेलेलं नाही, गेलं ते रेल्वेतून.

त्या पोराच्या बापानं त्या दिवशी काय केलं माहितीये? पोराला घरी पाठवलं आणि आम्हाला सगळ्यांना चहा पाजला. सरांनाही. पॉवर बँक कुणी नेली ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पोरानं नेली नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही, नेली असं सरही सांगू शकत नाहीत. पण ग्रुपवरच्या सूचनेत नाव लागलंय ते त्याच्याच भागाचं.

सर, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे माहीत आहे. तो मुद्दा काढा. बाकीच्या सूचना राहू द्या, चांगल्या आहेत. मिरचीचा स्प्रे पण राहू द्या.

थंडीत अंतूर किल्ल्याच्या बाजूला जायचं ठरतंय. मुक्काम हद्दीबाहेर, शेतातच. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा. झोळीचे पट्टे रुंद आणा, बारीक दोरीनं झाडाची साल कापली जाते आणि मग शेतमालक पुढच्या वेळी नाही म्हणतो. गावातल्या चहाचे पैसे मी देईन.